नानांनी बहिणीला समुद्र दाखवला

आमचे सासरे दर उन्हाळ्यात सहल काढतात आणि उरलेलं वर्षभर ती सांगतात. भडगावात त्यांना सगळे नाना म्हणतात, नाव प्रेमराज. ठिबकच्या नळ्या आणि पाईप विकायचं दुकान आहे, ते चांगलं चालतं. नळी घ्यायला आलेल्या माणसाला आधी उटी दाखवतात, मग नळी. त्या बिचाऱ्याची पाण्याची पाळी चुकायला आलेली असते, आणि नाना मोबाईलवर बोट फिरवत त्याला चहाचे मळे दाखवत बसतात. उटीला त्यांनी खरंच काय पाहिलं ते मला विचारा, मी सोबत होते. त्यांनी गॅसची शेगडी पाहिली. बाहेरचं खाणं नानांच्या पोटाला चालत नाही, म्हणून आम्ही जाऊ तिथे सिलिंडर, कढई आणि पिठाचा डबा नेतो. बायका घरी जे करतात तेच तिथे करतात, फक्त थंडीत.

मी दिपमाला, या घरची सून. जरा जास्तच बोलते, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे. त्या बोलत नाहीत, त्यांचं काय झालं ते मी रोज बघते.

मागच्या वर्षी नानांनी सहल ठरवली ती ऐन आखाजीला. अक्षय्य तृतीयेला बाकीचे लोक सोनं घेत असतील, आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. माहेरवाशिणीने त्या दिवशी काडी इकडची तिकडे करायची नसते. झाडाला झोका बांधलेला असतो, तिने त्यावर बसायचं, गाणी म्हणायची आणि दुसऱ्या कुणी वाढलेलं जेवायचं. मांडे आणि आमरस. असा सण सोडून नानांनी पितरांची घागर भरायचं काम शेजारच्या भाऊबंदांकडे सोपवलं आणि टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. माझीही आखाजी बुडाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते जाऊ दे, ही गोष्ट फुईची आहे.

फुई म्हणजे आत्या. सुगंधाबाई, नानांची थोरली बहीण. धुळ्याकडच्या एका खेड्यात दिलेली. साठी उलटली तरी म्हशी, कापूस आणि आजारी नवरा यातून तिची सुटका नाही. आईवडील केव्हाच गेले, त्यामुळे माहेर म्हणजे नाना. ती वर्षातून एकदा, आखाजीला येते. पिशवी ओट्यावर ठेवते आणि घरात यायच्या आधी अंगणातल्या निंबाला, म्हणजे कडुलिंबाला, हात लावून येते. तिच्या लहानपणापासून झोका त्याच निंबाला.

त्या वर्षी ती आली आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. निंबाच्या जागी पत्र्याचं शेड होतं.

"भाऊ, निंब कोठे गया?"

"पाईपले जागा जोयजे व्हती, अक्का."

"मंग झोका?"

नाना हसले. "तुले झोकाच जोयजे ना? उद्या आपन बठ्ठा समुद्रवर जाई राहिनूत. येतायेता मोठं पार्क शे. तठे असा झोका शे, मशीनना, गावमा कोनीच देखेल नही. त्यावर बसाडसू तुले."

फुईने विश्वास ठेवला. मी नसता ठेवला, पण मी त्यांची बहीण नाही.

तिला सोबत घ्यायचं खरं कारण मला आदल्या दिवशीच कळलं होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि खापरावरचे मांडे मला येत नाहीत. मांडे म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, पण हातांवर झुलवून मोठी करायची आणि उलट्या ठेवलेल्या मोठ्या मातीच्या खापरावर भाजायची. हे काम फुईचं. नानांना समुद्रही हवा होता आणि आखाजीचे मांडेही हवे होते. तेव्हा बहीण हवी होती आणि खापरही. खापर गोधडीत गुंडाळलं आणि फुटू नये म्हणून फुईच्या मांडीवर दिलं. भडगावपासून अलिबागच्या पलीकडेपर्यंत ते तिच्या मांडीवर होतं. नाना पुढच्या सीटवर पाय पसरून घाट आला की घाटाचं नाव सांगत होते, दोनदा चुकीचं.

होमस्टे छान होता, नारळाच्या वाडीत. मालकीणबाईंनी हौसेने विचारलं, घावणे करू का, सोलकढी, उकडीचे मोदक? नानांनी मोदकाचं ताट वर उचलून पाहिलं. "ह्या तं भातना गोया शेतस," ते म्हणाले, आणि आमच्या पोत्यातली शेव काढायला लावली. समुद्राच्या काठावर बसून ते तीन दिवस शेवभाजी खात होते. वर मालकीणबाईंना सांगत होते की तुमच्याकडे तिखट म्हणजे काय ते लोकांना माहीतच नाही. ती बाई हसून ऐकून घ्यायची. मी आणि माझ्या लेकीने, ऋतिकाने, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन चोरून मोदक खाल्ले. इतके मऊ मोदक मी जन्मात खाल्ले नव्हते.

फुईला समुद्र दिसला तो असा. नानांनी तिला पाण्याच्या कडेला उभं केलं आणि मोबाईल समोर धरला. ती साहजिकच समुद्राकडे बघायला लागली.

"अक्का, तिकडे काय देखस? मनाकडे देख!"

ती वळली, समुद्राकडे पाठ करून भावाकडे पाहत उभी राहिली. फोटो झाला. तेवढ्यात एक लाट तिच्या घोट्यापर्यंत आली, ती दचकली आणि मग पोरीसारखी हसली. ते हसू फोटोत नाही, कारण नाना तोवर फोटो पाठवण्यात गुंतले होते. खाली लिहिलं होतं, आखाजीनिमित्त अक्काला समुद्रदर्शन. दुकानाच्या गिऱ्हाइकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. फुई ओल्या पायांनी कांदे चिरायला गेली.

आखाजीच्या सकाळी वाडीच्या मागे तीन दगड मांडून चूल केली. समुद्राचा वारा जाळ इकडून तिकडे लोटत होता. फुई डोळे पुसत, नारळाच्या झावळ्या आडव्या लावत मांडे करत होती. मालकीणबाई बघायला आल्या. फुईच्या दोन्ही कोपरांपर्यंत पसरलेला मांडा बघून त्या थक्क झाल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "आज लेकींचा सण ना तुमच्याकडे? मग तुम्हीच का करताय?"

फुईने हातातला मांडा खापरावर टाकला. खुर्चीवरून नाना म्हणाले, "आमच्या अक्काला आवड आहे."

मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी आत निघून गेले. आवड! परतीच्या तयारीत फुई मला हळूच म्हणाली, "आज झोकावर बसनं शे ना व, पोरी? लुगडं उडाव नही ना?" मी म्हटलं, पिन लावून देते. तिने खरंच पिना लावून घेतल्या.

पार्कच्या दारावर मांडे-आमरसाचा डबा अडला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असं पाटीवरच लिहिलं होतं. नाना रखवालदाराशी भांडले. हा देवाचा प्रसाद आहे म्हणाले, मग जळगावच्या कुणा पुढाऱ्याचं नाव घेतलं. रखवालदाराने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. गाडीत डबा ठेवायला नानांची तयारी नव्हती, कारण मागच्या सहलीत ड्रायव्हरने शेव खाल्ली असा त्यांना संशय. म्हणजे डब्यापाशी कुणीतरी बसायला हवं. सगळ्यांनी फुईकडे पाहिलं, असंही म्हणता येणार नाही. पाहायची गरजच पडली नाही, डबा आधीपासून तिच्याच हातात होता.

मी म्हटलं, मी थांबते. नाना म्हणाले, ऋतिकाला कोण सांभाळेल? जणू त्या पोरीला बाप नव्हता. बाप, म्हणजे माझा नवरा स्वप्नील, तिकिटांच्या रांगेत पाठ करून उभा होता. त्याला असल्या वेळी नेमकी रांग सापडते.

"मंग झोका?" फुईने विचारलं.

"दुपारले जेवाले येतस ना आमी, मंग तू जाजो," नाना म्हणाले आणि आत गेले.

तो मशीनचा झोका मी पाहिला. जहाजासारखा, या टोकाला उभा होतो आणि त्या टोकाला उभा होतो. नाना मोठ्या ऐटीत बसले आणि पहिल्याच हेलकाव्याला डोळे मिटून मेलेल्या आईला हाका मारायला लागले. खाली उतरल्यावर म्हणाले, काही विशेष नाही. मग त्यांना भूक लागली. आतलं खाणं त्यांना चालण्यासारखं नव्हतंच, म्हणून सगळी वरात मांडे खायला बाहेर निघाली.

बाहेर फुई जागेवर नव्हती. गाड्यांच्या तळापलीकडे एक जुनी चिंच होती आणि तिच्याखाली म्हाताऱ्या बायकांचा घोळका. प्रत्येक गाडीतून एक, कुणाची आई, कुणाची मावशी, सगळ्या डबे राखायला बसवलेल्या. त्यात रावेरची एक होती, तिच्याजवळ केळ्यांची फणी. डबे मात्र सगळ्यांचे उघडे होते. कुठल्या तरी बसच्या ड्रायव्हरने टपावरचा दोर चिंचेला बांधून दिला होता. दोरावर खापराची गोधडी घडी करून टाकली होती आणि त्यावर फुई बसली होती. रावेरची बाई झोका देत होती. फुई आखाजीचं गाणं म्हणत होती. बाकीच्यांना शब्द माहीत नव्हते, त्या टाळ्या देत होत्या.

"अक्का! मांडा?" नाना ओरडले.

झोका थांबला नाही. "सरनात."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

"मंग आमी काय खावो?"

मग तिने पाय टेकवले. रागावली नव्हती ती. तोंडाला आमरस लागलेला होता, तो तिने पदराने पुसला. "आज आखाजी शे, भाऊ," ती म्हणाली. "माले या बायास्नी वाढं." तिला आज दुसऱ्या कुणी वाढलेलं मिळालं होतं.

नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी लाज वाटली. त्यांनी मोबाईल काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "नाना, हा मी धरते. तुम्ही झोका द्या." त्यांनी दिला. बंद पडलेली मोटारसायकल ढकलावी तसे दोन धक्के दिले आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. मशीनच्या झोक्याचं नाव त्यांनी काढलं नाही, फुईनेही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी भडगावहून निघताना तिने खापर उचललं. "मायनं शे हाई. मी लई जास." नाना म्हणाले, ने, शेडमध्ये अडगळच होती. घरातून काय गेलं ते त्यांना कळलं नाही.

या वर्षी आखाजीच्या आधी त्यांनी फोन केला. "अक्का, कधय येशी?"

फोनचा आवाज मोठा होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "तू ये ना, भाऊ. मना आंगनमा निंब शे, झोका बांधेल शे. खापरबी आठेच शे."

नानांनी फोन ठेवला. बहिणीकडे आखाजीला भाऊ जातो का, म्हणाले. मी माझ्या आईला दोन दिवसांनी येते असं कळवलं आणि सणाच्या सकाळी ऋतिकाला घेऊन धुळ्याची एसटी धरली. मला कुणी अडवलं नाही. मी तिखट आहे हे आता घरात सगळ्यांना ठाऊक झालंय.

फुईच्या सुनेने मांडे केले, फुई नुसती बसून सांगत होती. माझं आणि तिचं ताट सुनेने वाढलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. नानांनी विकतचे मांडे आणले होते, आणि प्रत्येक घासाला म्हणत होते, अक्काच्या हातचे नाहीत.

"काय म्हनस तुना सासरा?" फुईने विचारलं.

"भूक लागली म्हणतात."

ती उठली. मी नको म्हणत असताना तिने स्वतःच्या हाताने एक ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. "सांग त्याले. गाडीवर दीड तासनी वाट शे."

मी सांगितलं. फोनवर नाना हं म्हणाले. फुईने जेवताना दोनदा आणि झोक्यावर बसल्यावर कितीतरी वेळा रस्त्याकडे पाहिलं. संध्याकाळी तिने ते ताट म्हशीपुढे ठेवलं.