चिमूटभर मावशी

जिवंतपणी बायकोला पर्वतीच्या पुढे न नेणारा आणि ती गेल्यावर तिला अख्खा सह्याद्री दाखवायला निघालेला नवरा पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. हे आमचे सदाशिव पेठेतले काका. मावशीने नुसतं 'समुद्र' म्हटलं, की हे 'दमट हवा' म्हणायचे. तिने 'डोंगर' म्हटलं, की 'गुडघे'. चाळीस वर्षं हेच चाललं. आणि मावशीचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मला विचारतात, "तुझी गाडी रविवारी रिकामी असते ना?" गाडी रिकामी असते, मी नसते, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची शिक्षा मी वर्षभर भोगली.

अस्थी दहा दिवसांच्या आत नदीत सोडा, असं गुरुजींनी बजावलं होतं. काकांनी अर्ध्याच सोडल्या आणि उरलेली राख स्टीलच्या डब्यात भरून आणली. "अहो, अस्थी घरात ठेवू नयेत," गुरुजी कळवळून म्हणाले. "घरात कुठे आहेत? स्कूटरच्या डिकीत आहेत," काका म्हणाले. यावर शास्त्रात काही लिहिलेलं नसावं. वर्षश्राद्धाच्या आत डबा रिकामा झाला नाही तर मी यायचा नाही, एवढं सांगून गुरुजींनी हात टेकले. मावशी मात्र डिकीत बसून भाजीला, बँकेत, केस कापायच्या दुकानात काकांबरोबर हिंडली. हयातीत हिंडली नसेल एवढी.

रविवारी डबा डिकीतून माझ्या गाडीत यायचा. सुंदर जागा दिसली की तिथे एक चिमूट राख सोडायची, असा बेत. पण जागा पसंत पडेल तर ना! ताम्हिणीत धबधब्यासमोर अर्धा तास उभे राहून म्हणाले, "इथे नको, तिला सर्दी होते." दिवेआगरला काही मुलंमुली गाणी लावून नाचत होती. काका सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे. "आपण जरा हळू आवाजात मजा कराल का? आमच्याकडे माणूस गेलंय." बिचाऱ्यांनी गाणी बंद केली. "सॉरी काका. कधी गेले?" "फेब्रुवारीत." दिवाळी तोंडावर आली होती. मला वाळूत तोंड लपवावंसं वाटलं.

त्यात चिमूटही दर खेपेला बारीक होत चाललेली. आधी मिठाची असायची, मग हळदीची झाली, पुढेपुढे तर केशराची. "काका, अशाने डबा संपायचा कधी?" मी वैतागून विचारायची. "घाई कसली? तिला कुठे परत जायचंय?" मी जास्तच चिडले की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "हे बघ, घाट लागला." तेही मला नाही, मांडीवरच्या डब्याला.

श्राद्धाला चार दिवस उरले तेव्हा मी निर्वाणीचं सांगितलं, आज सगळा डबा रिकामा करायचा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. काका मुकाट्याने भंडारदऱ्याला आले. ते बाहेरचं खात नाहीत. खानावळीत नुसता भात घेतात आणि वर घरचं मेतकूट. त्यामुळे पिशवीत डबे दोन, एक राखेचा, एक मेतकुटाचा. दोन्ही मावशीच्या रुखवतातले, सारख्या आकाराचे, दोन्हींवर 'सौ. सुमन' कोरलेलं. पाण्याकाठी काकांनी चष्मा काढला, डोळे मिटले, श्लोक म्हणत तीन मुठींत डबा रिकामा केला. वारा उलटा होता. अर्धी मावशी माझ्या तोंडात गेली. थुंकावं की गिळावं, या धर्मसंकटात असताना जिभेला हिंग लागला. मागून मेथी.

"काका," मी म्हटलं, "हे मेतकूट होतं."

मला हसू आवरेना. अस्थी सुरक्षित आहेत, काही बिघडलं नाही, असं मी सांगत होते आणि काका मटकन खाली बसले. "अगं, शेवटचं होतं ते," म्हणाले. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी केलं होतं तिने. वर्षभर अर्धा-अर्धा चमचा पुरवत होतो. राख काय, सगळ्यांचीच सारखी. हे तिच्या हातचं होतं."

माझा वर्षभराचा राग तिथल्या तिथे गेला. मला त्यांचं फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने ते उठले, दुसरा डबा काढला आणि श्लोकबिक काही न म्हणता तो त्याच ठिकाणी पाण्यावर पालथा करून सगळी राख सोडली. "राहू दे तिला इथेच," म्हणाले. "मेतकूट आहे सोबत."

खानावळीत वाफाळता भात आला. "हात धुऊन घ्या," मी म्हटलं. काकांनी उजवा तळवा उघडून बघितला. रेषांमध्ये थोडी पिवळी पूड अडकली होती. त्यांनी हात धुतला नाही. भातावर तूप घेतलं आणि त्याच हाताने तो कालवत राहिले, बराच वेळ. मग पहिला घास माझ्यापुढे धरला.

"बघ गं, चव लागतेय का."

नुसता तूपभात होता.

"लागतेय, काका," मी म्हटलं.