उन्हात पुसलेली चिप

रशीदचाचांच्या शबानाचा फोन आला तेव्हा चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी लेथ मशीनच्या पॅनेलमध्ये डोकं घालून बसले होते. "मीनलताई, अब्बा गेले... सकाळी, झोपेतच." मी रडले. पण खोटं कशाला बोलू, रडण्याआधी मनात आलं ते दुसरंच. चाचांना सांगायचं होतं ते बारा वर्षांत सांगून झालं नाही, आणि आता राहूनच गेलं.

रशीदचाचा संत तुकाराम नगरात एका लहानशा गाळ्यात कारखान्यांच्या मशीनचे बोर्ड दुरुस्त करायचे. बोर्ड हातात आला की दुरुस्तीआधी त्यावरच्या चिपमध्ये भरलेल्या सूचनांची नक्कल करून ठेवायची, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक घाई करत उभं असलं तरी नक्कल आधी, चहा नंतर. आमच्या मशीनचा बोर्डही मी नोकरीला लागण्याआधी एकदा त्यांच्या हाताखालून गेला होता. माझं नशीब, दुसरं काय!

मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते, कायम व्हायची होते, आणि कामाचा उत्साह नको तितका होता. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तेलाने बरबटलेला तो बोर्ड स्पिरिटने धुतला, चिपवरचं कळकट स्टिकर नखाने खरवडून काढलं आणि बोर्ड गच्चीवर वाळत ठेवून गावी गेले. दहा दिवस कडकडीत ऊन. परत येऊन बोर्ड बसवला तर मशीन ढिम्म! ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, आणि मालकांचं सगळं काम त्या एका मशीनवर. मी बोर्ड पिशवीत घालून चाचांकडे पळाले.

चाचांनी चिप भिंगाखाली धरली. "स्टिकर कुठाय, बेटा?"

"गळून पडलं असेल कधीतरी," मी म्हणाले.

"हं..." एवढंच म्हणून त्यांनी मला चिपच्या पाठीवरची इवलीशी काचेची खिडकी दाखवली. "मशीन जागी झाली की पहिल्यांदा हिला विचारते, मी कोण, मला काय करायचंय. ही सांगते. मशीनने फक्त वाचायचं, हिच्यावर लिहायचं न्हाई. वीज गेली तरी ही इसरत न्हाई. पण ही जी खिडकी हाय ना, तिच्यातून अतिनील उजेड आत गेला की पाटी पुसल्यासारखं सगळं साफ. मी तसला दिवा लावून मुद्दाम पुसतो, मग नवीन भरतो. उन्हातपण तोच उजेड असतो, हळूहळू पुसतो. म्हणून तर स्टिकर." ऐकता ऐकता मला गच्चीवरचे ते दहा दिवस आठवले. त्यांनी मान वर केली नाही. जुन्या नकलेवरून दुसरी चिप भरून दिली, पुसलेली आपल्याकडेच ठेवली आणि फोनवर मालकांना म्हणाले, "म्हातारी झाली होती, सायेब. म्हातारपणी इसरायला होतंच."

मी कायम झाले. पुढे कितीदा त्या गाळ्यात चहा प्यायले, ईदला शीरखुर्मा खाल्ला, पण दर वेळी 'स्टिकर मीच काढलं होतं' हे वाक्य जिभेवर यायचं आणि मी दुसरंच काही बोलायचे.

बारा वर्षं मशीनच्या उष्णतेत राहून ती दुसरी चिपही आता थकली. चाचा गेले त्या दिवशी मशीन कुरकुरत होती, पंधरा दिवसांनी बंदच पडली. गेल्या आठवड्यात शबाना गाळा रिकामा करत होती, आमच्या चिपची नक्कल कुठे आहे का, मी चाचरतच विचारलं. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत ओळीने चिपा, प्रत्येकीच्या खिडकीवर स्टिकर, त्यावर चाचांचं बारीक अक्षर. आमच्या मशीनची सापडली. उचलली आणि ओळखलीच, कडेला माझ्याच नखाचे ओरखडे होते. नव्या स्टिकरवर लिहिलं होतं : 'मीनल. उन्हात पुसली. परत भरली. चांगली आहे.'

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं... मी तिथेच स्टुलावर बसले आणि पोटभर रडले, मग हसले. शबाना घाबरून पाणी आणायला धावली. बारा वर्षांचं ओझं असं एका स्टिकरने उतरतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चिप बसवली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग मालकांना हाक मारली आणि त्या दिवाळीत बोर्ड उन्हात कुणी ठेवला होता ते सांगून टाकलं.