गावची पोर, गावचं स्टेज

सिरियलमध्ये काम करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. लाइट लागेपर्यंत वाट, हिरोइनचे केस होईपर्यंत वाट, सीन लिहून येईपर्यंत वाट. मग मेकअप रूममध्ये बसून आम्ही काय करणार? किस्से सांगणार. मासळी साफ केल्यावर हाताला खवले चिकटून राहतात, तसे ते चिकटलेत. एक काढावा तर दुसरा सापडतो. माझे मात्र सगळे फिरून एकाच जागी जातात, आमच्या गावच्या स्टेजवर.

*

आमचं गाव अलिबागच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. जत्रेला नाटक ठरलेलं, तेही दर वर्षी एकच. पडदे त्याच नाटकाचे रंगवले होते, ते फुकट कशाला घालवायचे! सून करायला पनवेलहून नटी आणायची आणि सासू करायचे आमचे शेजारी धर्मानाना. एरवी ते बोटीवर तांडेल, दहा खलाशांना दमात घेणारे, आणि मिशी अशी की पोरं रस्ता बदलायची. नाटकाच्या दिवशी सकाळी ते ती मिशी उतरवायचे. पत्रिका कोण छापतंय? नाना बिनमिशीचे दिसले की गावाला कळायचं, आज नाटक.

गावच्या मुलींनी स्टेजवर चढायचं नाही, हा नियम. पडद्यामागे बसून प्रॉम्प्टिंग केलेलं चालायचं, कारण तिथे मुलगी दिसत नाही. चौदाव्या वर्षी मी प्रॉम्प्टर झाले. तिसऱ्या अंकात नाना अडले. मी हळू सांगितलं, त्यांना ऐकू जाईना. शेवटी सासूचं अख्खं भाषण मीच खणखणीत आवाजात म्हणून टाकलं आणि नानांनी नुसते ओठ हलवले. टाळ्या थांबेनात. उत्कृष्ट स्त्री भूमिकेचं बक्षीस नानांना मिळालं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "मी याच स्टेजवर काम करणार."

बाबा जाळं दुरुस्त करत होते. "गावची पोर गावच्या स्टेजवर न्हाय. जा काय ती दुसऱ्या गावात."

ते रागानं म्हणाले होते. मी परवानगी समजले.

*

मग मी दुसऱ्यांच्या गावची नटी झाले. दोन गावं पलीकडच्या मंडळानं माइकवर पुकारलं, "मुंबईच्या सुप्रसिद्ध अभिनेत्री!" मुंबई मी तोवर दोनदा पाहिली होती.

नवऱ्याच्या पायाशी बसून रडण्याचा प्रवेश होता. मी गुडघे टेकले, तोच पहिल्या रांगेतून एक बाई उठली. "आगो, ही तर हिराची रंजू! सकाली मना बोंबील देऊन गेली."

हशा पिकला. नवरा झालेले शाळामास्तर संवादच विसरले. मी डोळे पुसले आणि तिच्याकडे वळून विचारलं, "ताजे व्हते का न्हाय?"

"व्हते ना."

"मग बसा आता. मना रडू द्या."

ती बसली. शेवटी सगळ्यांत जास्त तीच रडली.

*

सिरियलची पहिली ऑडिशन मासेवालीच्या रोलची. भाषा शिकवायला कोच ठेवला होता, शहरात वाढलेला, कोवळा. मी दोन वाक्यं बोलले. तो म्हणाला, "मॅम, छान आहे, पण ऑथेंटिक वाटत नाहीये. कोळणी थोडं भांडल्यासारखं बोलतात."

मी तिथूनच आईला फोन लावला आणि विचारलं, "आई, हे सर बोलतात कोळणी भांडल्यासारख्या बोलतात. खरं हाय?"

"दे त्याला फोन," आई म्हणाली.

पुढची पाच मिनिटं आई त्याच्याशी अगदी हळू, गोड आवाजात बोलली. काय बोलली ते छापण्यासारखं नाही. तो नुसता "हो मावशी, हो मावशी" करत होता. दुसऱ्या दिवसापासून कोच बंद.

*

रोल मिळाला, पण त्यानंतर कित्येक वर्षं कामवाल्याच वाट्याला आल्या. ट्रे आणायचा, "ताईसाहेब, चहा" म्हणायचं आणि जायचं. मग एका सिरियलमध्ये भरल्या घरातली काकू मिळाली. महिन्याभरात प्रोड्युसर म्हणाले, वजन कमी करा. मी म्हटलं, काकू आहे ना? मग काकूसारखीच दिसणार.

पुढच्या आठवड्यात काकूला अटॅक आला. फोटोला चंदनाचा हार, आणि मी घरी.

पण बघणाऱ्या बायकांना त्या घरात तेवढी एकच ओळखीची वाटत होती. त्यांनी चॅनेलला फोन करकरून हैराण केलं. दोन महिन्यांनी प्रोड्युसरचा फोन आला, "रंजनाताई, काकूची जुळी बहीण आणतोय."

"येते. पण फोटोवरचा हार तुम्ही काढायचा. माझ्यासमोर."

त्यांनी काढला, स्टुलावर चढून. वजन त्यांचं माझ्यापेक्षा जास्त, स्टूल करकरत होतं.

*

काकूनं मला घराघरांत पोचवलं. गावात शिरले की सेल्फी काढल्याशिवाय कुणी पुढे जाऊ देत नसे. मंडळ मात्र नटी पनवेलहूनच आणत राहिलं. याचं मला वाईट वाटायचं. लपवू कशाला, रडलेही आहे.

गेल्या जत्रेला मंडळाचं आमंत्रण आलं, पण सत्काराचं. शाल, श्रीफळ, दोन शब्द. अध्यक्ष बाळू, शाळेत माझ्याच वर्गातला. स्टेजच्या पायरीशी चपला काढून मी वर चढले. समोर गाव बसलेलं, पहिल्या रांगेत आई आणि बाबा. पाठीमागे तोच जुना पडदा. विंगेत सून होणारी पनवेलची मुलगी शालू नेसून तयार.

बाळूनं शाल घातली आणि माइकवर म्हणाला, "रंजनाताईंनी गावाचं नाव केलं. आता त्यांनी खाली पहिल्या रांगेत बसावं, म्हंजे आपल्याला नाटक सुरू करता येईल."

मी शाल काढली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. "शाल नको बाळू. काम दे."

माइक चालू होता. अख्ख्या गावानं ऐकलं.

"ताई, रीत हाय गावाची."

"मग गावाला इचार. बसलाय समोर."

बाळूनं बाबांकडे पाहिलं. बाबा वर बघेनात. मग माइकवर हात ठेवून तो माझ्या कानाशी आला, "आता तुला देऊ तरी काय? सून पनवेलची, सासू नाना. काम उरलंय कुठं?"

खरं होतं त्याचं. त्या मुलीच्या हातचं काम काढून घ्यायला मी आले नव्हते. मी पायरीकडे वळले.

"नानांना बोलवा, उशीर झाला," बाळूनं विंगेत हाक दिली. सकाळपासून धर्मानाना कुणाला दिसले नव्हते. पंचाहत्तरी उलटलेली, मंडळाला वाटलं आराम करत असतील.

नाना विंगेतून चालत स्टेजच्या मधोमध आले. हातावर सासूचं लुगडं, घडी न मोडलेलं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

मिशी जागच्या जागी होती. तेल लावून, पीळ भरून.