येतो म्हणावं

माझ्या आत्याच्या घरून कुणीच कधी जात नसे. माणसं येत, बरी होत आणि पुन्हा येत. मधल्या काळात ती कुठे असत, याला आत्याच्या लेखी महत्त्व नव्हतं. निजामाच्या सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर प्रवाशाची गाठोडी सोडून बघत, पण तिथून निदान माणूस तरी सुटे. झरीतल्या आत्याच्या उंबऱ्यावरून तो सुटत नसे.

ती विधवा होती. पोटी मूल नव्हतं, घर दोन खणांचं. गावात कुणी तापानं फणफणला की ती त्याला उचलून आणवायची, कपाळावर भस्माची बोटं ओढायची आणि त्यावर तळहात ठेवून बसायची. काढा, पेज, ओल्या फडक्याच्या घड्या हे सगळं मागाहून. "आदी माया लागू पडाय पायजे, मंग दवा," असं तिचं शास्त्र होतं, आणि ते लागू पडे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बरा झालेला माणूस निघाला की ती दारात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघे. निघताना आपण सगळेच 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ म्हणून. आपला तो शिरस्ता असतो. आत्या तो शब्द ठेवून घ्यायची.

पिकाच्या पाहणीला आलेला एक सरकारी अंमलदार, गिरदावर, हिवतापानं तिच्याकडे बारा दिवस पडला होता. पुढे त्याची पाथरीकडे बदली झाली, तरी दर अवसेला त्याचा घोडा आत्याच्या दारात. खाली उतरून तो गोंधळून टोपी काढायचा. "बाई, मैं काइकू आया?" आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "येतो म्हणला हुतास की. बस, गरम हाय." तो मुकाट्यानं बसायचा. एका धनगराच्या मेंढीचा पाय तिनं बांधून दिला, तर कळप चुडाव्याकडे उतरल्यावर ती मेंढी एकटीच परत आली. मेंढी काही बोलली नसणार, असं मी म्हणालो. आत्या म्हणाली, "तुला काय म्हाईत?"

आजाऱ्यांना ती एकच गोष्ट सांगे. एका नगरीत एक राणी होती. तिची सगळ्यांवर इतकी माया की तिथे कुणाला खोकलासुद्धा येत नसे. रोज सकाळी राणी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या कपाळाला हात लावी. वेशीला दारं नव्हती, पहारा नव्हता. फक्त 'जातो' हा शब्द राणीनं लोकांच्या बोलण्यातून काढून टाकला होता. मी एकदा विचारलं, "आणि वेशीबाहेर काय होतं?" "बाहेर न्हवतंच त्या नगरीला, बाबू," आत्या म्हणाली आणि तिनं माझं पांघरूण नीट केलं.

तेव्हा मी मुदतीच्या तापानं तिच्याकडे होतो. आई-वडील आशा सोडून बसले होते. आत्यानं मला चमच्या-चमच्यानं परत आणलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण ताप उतरल्यावरही ती रोज सकाळी कपाळावर हात ठेवून म्हणे, "हाय अजून." मदरशातल्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळेतल्या मास्तरांनी थर्मामीटर आणून दाखवला, ताप नव्हता. "काचंला काय कळतंय?" आत्या म्हणाली. आणि खरं सांगतो, तिचा हात लागला की मला आतून ऊन लागल्यासारखं व्हायचं. असे दोन महिने गेले. हैदराबादेहून कॉलेजात जागा मिळाल्याचं पत्र आलं, हजर व्हायला चार दिवस उरले. त्या चार दिवसांतही "हाय अजून."

शेवटच्या सकाळी मी ट्रंक उचलली. आत्यानं हातावर दही दिलं आणि तोंडाकडे बघत राहिली. "म्हण की." मला तो गिरदावर आठवला, ती मेंढी आठवली. मी म्हणालो, "जातो."

शेजारच्या घरातलं जातं मधेच थांबलं, असं मला वाटलं. आत्या दह्याची वाटी घेऊन आत वळली. परभणीला गाडीत बसलो तेव्हा अंग गार होतं, फक्त कपाळावरची तळहाताएवढी जागा भाजत होती.

चार वर्षं मी झरीला फिरकलो नाही. तिनंही कुणाकडून निरोप धाडला नाही. मग ती अंथरुणाला लागल्याचं कळलं आणि मी गेलो. दुपारची वेळ होती. तिनं मला ओळखलं. "जातो म्हणला हुतास. मंग आलास कसा रे लबाडा?" मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते गारच होतं.

"ताप हाय अजून," मी म्हणालो. "उठायचं न्हाई. मी हितंच हाय."

ती खूप दिवसांनी हसली असावी, तशी हसली. "आता तू ठिवून घ्यायलास व्हय मला?" माझा हात तिनं कपाळावरून हळूच काढला, आपल्या दोन्ही हातांत धरला. मग जो शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता, तो म्हणाली. "जाते, बाबू."

आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवूनच माती दिली. अवसेला गिरदावराचा घोडा आला नाही, पुढच्या अवसेलाही नाही. सगळे सुटले. त्या घरी मी अजून जातो, दार उघडं टाकून बसतो, कपाळ पुढे करून. पण आत्या शब्दाची पक्की होती. 'येते' म्हणाली असती तर आली असती.