काकूच्या मुठीतली नळी

मैंदर्गीच्या माझ्या काकांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारांसाठी ते नि काकू जुळे सोलापुरात माझ्याकडे राहायला आले. केमो सुरू झाली. मी मास्तरीण, मला कशातही 'का?' विचारायची खोड. डॉक्टरांनी सांगितलं, केमोनं कॅन्सरच्या पेशी भराभर मरतात, त्यातून रक्तात युरिक ॲसिड साचतं आणि ते मूत्रपिंडं तुंबवतं. काकांचं फारच वाढलं होतं. म्हणून ते ॲसिड मोडून टाकणारं औषध सलाईनमधून दिलं.

नंतरच्या तपासणीचं रक्त बाहेरच्या लॅबला आपणच न्यायचं होतं. नर्सनं नळी बर्फाच्या डब्यात घालून दिली. काकू रिक्षानं देऊन आली. रिपोर्ट आला, युरिक ॲसिड जवळजवळ नाहीच! आम्ही हुश्श केलं. पण काकांना लघवी होईना, पाय सुजत चालले. अरेच्चा, मग हे कसं? माझं डोकं काही स्वस्थ बसेना. डॉक्टरांना गाठलं.

"नळी बर्फातच नेली ना?" त्यांनी विचारलं.

मी काकूकडे बघितलं.

"न्हाय बा. आजारी माणसाचं रगत, आन् बर्फात? कोकरू गारठलं तर आमी पदराखाली धरतो. तशीच धरली मुठीत."

हसावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. डॉक्टरांनी मात्र न चिडता समजावलं. ते औषध नळीतही काम करतच राहतं. ऊब मिळाली की तिथलंही ॲसिड मोडतं, बर्फातच काय ते गप्प बसतं. अंगात मरणाऱ्या पेशींतून नवं ॲसिड येतच राहतं, नळीत येत नाही. म्हणून आकडा खोटा आला.

दुसरी नळी मी नेली, बर्फातून. खरा आकडा कितीतरी जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा डोस देऊ. पण मूत्रपिंडं साथ देतील की डायलिसिस लागेल, आत्ता सांगता येत नाही."

काकू कोपऱ्यात बसलेली. मला वाटलं, बिचारी स्वतःलाच बोल लावत असेल. तेवढ्यात ती उठून डॉक्टरांपुढं उभी राहिली.

"डाक्टर, त्ये औषध माझ्या मुठीत बी काम करीत हुतं?"

"हो मावशी."

"निस्त्या ऊबंवर?"

"हो."

"मग मालकांचं अंग तर अजून ऊन हाय. हात लावून बघा की!"