चिंचोक्यांचा डबा

खेळाचा तोल राखायचं काम माझ्याकडे कसं आलं ते मलाच नीट आठवत नाही. पोलादपूरला स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं आत गोष्टीचा खेळ खेळायचो. मी गोष्ट सांगायची, राक्षस उभा करायचा. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशावर. हे खूळ मुंबईहून परतलेल्या माझ्या मित्राचं. तो आता महाडला कारखान्यात आहे. बायको तलवारवाली झाली, तिला म्हणे मंत्र लक्षात ठेवायचा कंटाळा. मित्र आणि माझी धाकटी बहीण, दोघं जादूवाले.

तिथंच सगळा घोळ. मित्राची जादू उपजत, मंत्र थोडे पण वाटेल तसे वळवता येणारे. बहिणीची पोथीतली. खेळातल्या प्रत्येक सकाळी तिला सहा मंत्र मिळायचे, एका मंत्राला एक चिंचोका. मंत्र वापरला की चिंचोका माझ्या ताटलीत. पात्रं झोपून उठली की नवे सहा, आदल्या दिवशीचे उरलेले बाद. हा नियम मी पहिल्याच रविवारी सांगितला होता. बहुतेक सांगितला होता.

बहीण वर डोंगरात कुडपणला दिलेली. घरची गुरं, शेती. रविवारी बाजाराला खाली उतरायची आणि परतीची जीप सुटेपर्यंतचे तीन तास तिचे स्वतःचे. आणि त्या तीन तासांत ही काय करायची, तर दगड मारायची. राक्षस अंगावर आला तरी, "मी दगड मारते." तिकडे मित्र धडाधड आग लावतोय. मला वाईट वाटायचं. अशानं कंटाळून ही यायची बंद होईल, अशी धास्तीच बसली. पोथीवाली जातच लेचीपेची असणार असं ठरवून मी तिचे सहाचे आठ केले, मग दहा. मित्राचे दोन कापले. ही तरी दगडच मारतेय.

मित्र भडकला. "बॅलन्सची पार वाट लावलीस तू. बहीण हाय म्हणून?" मग फोनवर लांबलचक मेसेज, कुठल्या मंत्रानं किती जखम होते त्याचे. वाचलं की त्याचं पटायचं. रविवारी बहिणीचं तोंड बघितलं की तिचं पटायचं. डोक्याचा नुसता भुगा. त्यात चिंचोके दर आठवड्याला कमी पडायचे. बायको म्हणाली, "भाजून खाता की काय?"

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. पाऊस लागला की घाटातल्या वाटेचा भरवसा नसतो, बहीण मग येणार ती थेट गणपतीनंतर. मित्रानं बजावलं होतं, आज तिला एक जरी वाढवलास तर मी उठलो. तो उठला की खेळ संपला, आणि बहिणीचे तीन तासही.

मी मोठा राक्षस काढला. बहिणीनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत चिंचोके.

"चार महिने राखलेत, दादा. मोठ्या राक्षसाला पुरतील ना?"

तेव्हा उलगडा झाला. दर रविवारी उरलेले मंत्र ती घरी नेत होती. वर कुडपणला पावसाआधी लाकूडफाटा, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतात, तशी हिनं जादूची बेगमी केली होती. पोथीवाली लेचीपेची नव्हतीच. मी मात्र उगाच मित्राचे मंत्र कापत बसलो होतो.

कसाबसा नियम सांगितला. तिनं हळूच झाकण लावलं.

"मग आधी सांगायचंस ना रे. मी आपली दगड मारत बसले."

इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. मित्रानं डबा ओढून उघडला आणि परत तिच्यापुढे ठेवला. "चालतील. आज सगळे चालतील."

"आणि नियम?" मी विचारलं. बायकोनं असं बघितलं की मी ताटली पुढे सरकवली.

बहिणीनं मोजून वीस चिंचोके ताटलीत टाकले. राक्षस गारद झाला. ती पहिल्यांदाच मोकळं हसली. जीपची वेळ झाली तेव्हा डबा अजून निम्म्याहून जास्त भरलेला होता. तो तिनं मित्रापुढे सरकवला.

"भाऊ, हे तुमच्याकडं असू देत. माझ्यापायी तुमचे कमी झाले. पावसात मी काय नाय यायची."

आता जुलै चालू आहे. डबा मशीनशेजारी आहे. त्याचे मंत्र नक्की किती धरायचे, मला अजून कळत नाही. विचारायची वेळही येत नाही म्हणा. राक्षस आला नि स्वतःचे मंत्र संपले, की मित्र दगड मारतो. डब्याला हात लावत नाही. ती आली की लागतील, म्हणतो.