दाढीला साबण लावून ठरलेलं भाडं

सुनेने लगमानच्या, म्हणजे शेवयांच्या रश्श्याच्या वाडग्यातून कुणा अनोळखी पुरुषाच्या मिशीचा केस चिमटीत धरून वर काढला, आणि त्या दुपारी बुर्माकानचं स्वयंपाकघरातलं सलून बंद झालं.

"आई, एकतर मी इथे रांधीन, नाहीतर तुम्ही इथे हजामती करा," सून गुलजात म्हणाली.

"कुणाची मिशी ते ओळखलंस?"

"नाही."

"बघ, किती गिऱ्हाइकं आहेत माझी!"

पण सुनेचं खरं होतं. नवरा गेल्यापासून बुर्माकानने निम्म्या उझगेन गावाची डोकी त्याच चुलीशेजारी भादरली होती. आता जागा बघणं आलं.

बाजारात मालवाहतुकीचा एक जुना, खोलीएवढा लोखंडी डबा भाड्याने मिळत होता. "उन्हाळ्यात जरासा तापतो," मालक म्हणाला.

बुर्माकानने भिंतीला हात लावला नि झटकन काढला. "यात मी केस कापायचे की नान भाजायचे?"

मग लांबचा दीर सोवेतबेक पुढे आला. त्याची खोली रस्त्यावर होती, मोठ्या खिडकीची, आत नळ असलेली. "वहिनी, इथे गर्दीला तोटा नाही," तो छाती पुढे काढून म्हणाला. बुर्माकानने त्याच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. चहाची किटली घेऊन ती दिवसभर त्या खोलीत जाऊन बसली.

गर्दी खरोखर झाली. पहिल्याच बाईने विचारलं, "आजी, माझा नवरा रशियातून कधी येईल?"

"मला काय विचारतेस? त्याला फोन लाव!"

तेव्हा उलगडा झाला. आधीची भाडेकरीण कडधान्याचे दाणे मांडून भविष्य सांगायची. ती बिश्केकला निघून गेली, गिऱ्हाइकं मागेच राहिली. एकाची गाय हरवली होती.

"हरवली तेव्हा तू कुठे होतास?" बुर्माकानने विचारलं.

"झोपलो होतो."

"मग यात दाणे काय सांगणार?"

खिडकी मात्र तिच्या मनात भरली. तिने सोवेतबेकला अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली दाढीला बसवलं. त्याला वर्षाचं भाडं आगाऊ हवं होतं आणि व्यवहार तोंडी. "आपल्या माणसांत कागद कसला, वहिनी?"

"परक्याशी बिनसलं तर तोंड फिरवता येतं. तुझ्याशी बिनसलं तर लग्नात तुझ्याच शेजारी बसून पुलाव खावा लागेल. म्हणून कागद."

तिने त्याच्या गालाला साबण फासला, वस्तरा गळ्याशी आणला आणि मग बोलायला लागली.

"तुझी गर्दी मला हाकलावी लागणार. तेवढं भाडं कमी कर."

"अं..."

"बोलू नकोस, कापेल. तीन वर्षं भाडं वाढवायचं नाही, मला उठवायचं नाही. छत गळलं तर तू चढायचं."

सोवेतबेकची पापणी फडफडली.

"हो म्हणालास. शहाणा आहेस."

तोंड पुसून होताच त्याने आरडाओरडा केला. शेवटी तीनाची दोन वर्षं झाली, आगाऊ दोनच महिन्यांचं ठरलं, भाडंही थोडं उतरलं. कानामागे साबण तसाच असताना त्याने सही केली.

पहिला महिना वाईट गेला. दाण्यांवाली कुठे गेली, एवढंच विचारायला लोक येत. एका दुपारी कंटाळून बुर्माकानने स्वतःच्याच कपाळावरचे केस कापले, तेही वाकडे. आरशात बघत ती पुटपुटली, "या वयात हे काय करून बसले?"

मग ऑगस्ट सरत आला, शाळा उघडायची वेळ झाली. आया आपापली झिपरी पोरं मानगुटीला धरून आणू लागल्या. रांग दाराबाहेर गेली, शेजारच्या टरबुजांच्या ढिगापर्यंत. बुर्माकानचे पाय सुजले आणि जीभ आणखी सैल सुटली.

सोवेतबेक ती गर्दी बघून आत शिरला, चेहरा पाडून. "फारच स्वस्तात दिली गं वहिनी मी."

"रांगेत बस," कात्री न थांबवता ती म्हणाली. "नंबर आला की रड."